माझ्या साड्या कोणकोणत्या तळ्यांत उतरल्या

सेमाडोहला लोक वाघ पाहायला जातात. मी पाणी पाहायला गेले, आणि तेही भांडायला म्हणून. परत आल्यापासून गोडाऊनवर येणारा प्रत्येक जण विचारतो, 'ताई, वाघ दिसला का?' वाघ दिसला नाही. जे दिसलं ते एकदाच नीट लिहून ठेवते, म्हणजे माझ्याबद्दल जे निरनिराळे किस्से अकोल्यात फिरत आहेत त्यांना लगाम बसेल. त्यातले दोन खरे आहेत.

आधी धंदा सांगायला हवा, नाहीतर भांडण समजणार नाही. मी जुन्या साड्या विकते. अंगावर नेसायच्या नव्हे, शेताला नेसवायच्या. आमच्याकडे रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, उभं पीक एका रात्रीत आडवं करतात. म्हणून शेतकरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काठ्या रोवतात आणि काठ्यांना साड्या बांधतात. वाऱ्यानं साडी हलली की डुकराला वाटतं, बाई उभी आहे. वऱ्हाडातल्या बाईला डुक्करही भितं, हे माझ्या धंद्याचं भांडवल.

माझं माहेर बाळापूरकडचं, भाजीपाला पिकवणारं. लग्नानंतर डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली घेऊन मी अकोल्याच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. भांडं द्यायचं, जुन्या साड्या घ्यायच्या. चार मागायच्या, दोनवर सौदा तुटायचा, आणि निघताना पायपुसण्यासाठी म्हणून तिसरी उचलायची. आज माझं स्वतःचं गोडाऊन आहे आणि ते कोणाच्या मेहरबानीनं उभं राहिलेलं नाही. माझी जीभ आणि माझा आवाज, एवढ्यावर उभं राहिलं.

तर यंदा होळीनंतर पेपरात बातमी आली. अमरावतीच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापिकेनं दोन जिल्ह्यांतल्या तलावांचं पाणी तपासलं. त्यात डोळ्यांना न दिसणारे प्लास्टिकचे कण सापडले. इथवर माझं काही म्हणणं नव्हतं; जगात सगळीकडे सापडतात असं ऐकते. पण पुढं लिहिलं होतं, 'शेताच्या कुंपणाला बांधलेल्या चिंध्याही याला कारणीभूत असू शकतात.'

चिंध्या. एकेक साडी हातानं ताणून, उजेडात धरून, काठ पाहून मी घेते, आणि ही बाई म्हणते चिंध्या.

त्यातही माझ्या माहेरची सरपंच सुशीला हिनं ती बातमी वाचली आणि एक मेच्या ग्रामसभेसाठी विषय ठेवला: गावच्या तलावासाठी साड्यांचं कुंपण बंद करावं काय. सुशीला माझी लहानपणची मैत्रीण. फोन केला तर म्हणाली, 'मैत्रीण घरी. सभेत मी सरपंच हावो.' माझ्या माहेरानंच साडी सोडली तर आजूबाजूची गावं कशाला बांधतील? गोडाऊन छतापर्यंत भरलेलं, पेरणी तोंडावर. मी ठरवलं की त्या प्राध्यापिकेलाच मानगूट धरून गावात न्यायचं आणि तिच्याच तोंडून वदवून घ्यायचं की आमचा तलाव स्वच्छ आहे.

अमरावती

अमरावतीचे लोक अकोल्याच्या उन्हाची चेष्टा करतात, जसा काही त्यांच्याकडे एप्रिलात बर्फ पडतो. बसमधून उतरले तेव्हा डांबर चपलेला चिकटत होतं. डोकं आधीच तापलेलं, त्यात कॉलेजच्या शिपायानं नाव विचारलं. सांगितलं, 'मॅडमले सांग, चिंध्यावाली आली.'

केतकी मॅडम निघाल्या साताऱ्याकडच्या. वयानं माझ्या धाकट्या सुनेएवढ्या. मी उभ्या उभ्या बोलायला सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतलं, मध्येच माठातलं पाणी आणून दिलं, त्यामुळं मी एक मुद्दा विसरले. मग म्हणाल्या, 'चिंध्या हा शब्द माझा नाही. मी कापड म्हटलं होतं. पेपरवाल्यांनी बदलला.'

'मंग त्याहिले खोडाले सांगा.'

'सांगितलं. छापलं नाही.'

यावर काय भांडणार? मला भांडण अर्धवट राहिलेलं आवडत नाही, तसं जेवणही.

त्यांनी मला डोळा लावून पाहायच्या यंत्रातून एका तळ्याचं पाणी गाळलेला कागद दाखवला. आधी मला फक्त माझ्याच पापण्या दिसल्या. मग निळे, लाल, काळे दोरे दिसले, केसापेक्षा बारीक. मी म्हटलं, कशावरून हे प्लास्टिक? सुतीही असेल. त्यांनी सुई तापवून एका दोऱ्याजवळ नेली. दोरा आकसला, गोळा झाला. मला हसू आलं. कापडाच्या बाजारात आम्हीही हेच करतो. टोकाचा धागा काडेपेटीवर धरायचा. राख झाली तर सुती, मणी झाला तर पॉलिस्टर. ही बाई माझाच धंदा करत होती, फक्त लहान मापात.

'पाऊस पडायच्या आत मी पुन्हा फेरी करणार आहे,' त्या म्हणाल्या. 'तिवस्याकडे, मग सेमाडोह. तुमच्या गावाचं पाणी मी अजून घेतलेलं नाही. या बरोबर. तिथलं पाणी पाहू, आणि जे दिसेल ते मी सभेत सांगेन.'

'सोच्छ निघालं तं सांगा.'

'नाही निघालं तरी सांगेन.'

'थे नका सांगू.'

'मग काहीच सांगणार नाही. येणारही नाही.'

मी बराच वेळ ओढून धरलं, त्या तसूभर हलल्या नाहीत. साताऱ्याकडच्या लोकांशी सौदा करताना हीच अडचण. आधी जो भाव सांगतात तोच शेवटचा असतो. आमच्याकडे पहिला भाव म्हणजे नुसता नमस्कार असतो. शेवटी मी जीपमधली पुढची जागा मागून घेतली. निदान काहीतरी मिळवल्याशिवाय उठायचं नाही, हा माझा नेम.

त्यांची एकच अट होती. सगळ्यांनी सुती कपडे घालायचे, कारण आपल्याच अंगावरचे धागे पाण्यात पडले तर हिशेब चुकतो. घरी फोन करून कपाट पाहायला सांगितलं. हजारो साड्या विकणाऱ्या बाईच्या कपाटात सुती साडी निघाली एक, तीही सासूबाईंची. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती मागवून घेतली.

त्या संध्याकाळी मॅडमनी गिला वडा खाऊ घातला. उडदाचा वडा, वर दही, वर तिखट-गोड पाणी. अमरावतीचं हे एक मी मान्य करते. दही कमी घातलं म्हणून मी गाडीवाल्याशी वाद घातला. त्यानं मुकाट्यानं दोन चमचे वाढवलं. मॅडमनी वाटी पुढं केली आणि हळूच म्हणाल्या, 'माझ्यासाठीही भांडा ना.'

तिथं ती बाई मला पहिल्यांदा आवडली. तसं दाखवलं नाही.

तिवसा

जीप बबन नावाच्या माणसाची होती. पन्नाशीचा, खांद्यावर भगवा दुपट्टा, गाडीपेक्षा तोंड जास्त चालणारा. मॅडमनी विचारलं, 'दुपट्टा सुती आहे ना?'

'प्युअर सुती, मॅडम.'

मी जाता जाता त्याचं टोक चिमटीत धरलं. टेरिकॉट. साफ टेरिकॉट. पण कोणाचं पितळ कधी उघडं करायचं ते धंद्यात कळतं. मी गप्प बसले.

तिवस्याच्या अलीकडं डावीकडे वळून आम्ही एका तळ्यावर पोचलो. भोवती संत्र्याचे बगीचे, पाणी तळाला गेलेलं, मधोमध बगळे. मॅडम गुडघाभर पाण्यात उतरल्या. बारीक जाळीची पिशवी पाण्यातून ओढायची, मग आत जमलेला गाळ काचेच्या बाटलीत उतरवायचा. प्लास्टिकची बाटली चालत नाही, हे ओघानं आलं. मी काठावर उभी राहून शत्रू शोधत होते, आणि शत्रू भरपूर होते. मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यांना थर्मोकोलचे तुकडे बांधलेले, ते कुरतडल्यासारखे झिजलेले. खताची पोती. ठिबकच्या नळ्या. आणि बांधाला लागून मिरचीचं एक वावर, त्यात जमिनीवर अंथरलेला मल्चिंगचा चंदेरी प्लास्टिक-कागद, फाटून फाटून त्याचे कपटे पाण्यापर्यंत आलेले.

'मॅडम, लिवा,' मी ओरडून सांगितलं. 'मल्चिंग. मोठ्या अक्षरात लिवा.'

'लिहिलं.'

'थर्मोकोल?'

'तेही.'

'पोते?'

'काकू, मी सगळंच लिहिते.'

मला जोर चढला. मिरचीवाला शेतकरी झाडाखाली बसला होता, त्याच्याकडे गेले आणि पाण्याचं महत्त्व समजावून सांगितलं. लहान पोरांच्या पोटात हे जाते, माशाच्या पोटात जाते, असं सगळं; आदल्या दिवशी मॅडमकडून जे ऐकलं होतं ते माझ्या आवाजात. त्यानं शांतपणे तंबाखू मळली.

'बाई, तुमी पर्यावरणवाल्या काय?'

'समजा तसंच.'

'मंग हे बी पाहा.' त्यानं मागं बोट केलं. वावराच्या पलीकडच्या अंगाला साड्या. ओळीनं. पहिलीच, हिरव्या अंगाची पिवळे मोर असलेली, मी मूर्तिजापूरच्या एका मास्तरणीकडून झाकणाच्या डब्यावर घेतली होती; डब्यासाठी तिनं मला दारात ताटकळत ठेवलं होतं, म्हणून लक्षात. मोरांची डोकी उडाली होती. उरलेलं कापड वाऱ्यानं पिंजल्यासारखं झालं होतं.

'अकोल्याच्या एका बाईचा माल हाये,' तो म्हणाला. 'बाई लय तिखट हाये म्हणतात. भाव कमी करत नाई.'

'माल चांगला असन तिचा,' मी म्हटलं, आणि जीपमध्ये येऊन बसले.

बबननं हे सगळं ऐकलं होतं. परतवाड्यापर्यंत दर थोड्या वेळानं तो एकटाच हसत होता.

सेमाडोह

परतवाडा सोडला की घाट लागतो आणि वऱ्हाड संपल्यासारखं वाटतं. खालची काळी सपाट जमीन, जिथं दहा मैलांवरचं झाडही ओळखीचं असतं, ती मागं राहते. इथं सागाची पानं गळून रस्त्यावर पडलेली, गाडी गेली की पापडाच्या ढिगावरून गेल्यासारखा आवाज. कोरकू बाया डोक्यावर मोहाच्या टोपल्या घेऊन चालल्या होत्या. एकीनंही आमच्याकडे वळून पाहिलं नाही. आमच्याकडे गावात परकी जीप आली तर जेवणारा माणूस ताट घेऊन दारात येतो.

या ठिकाणावर माझी सारी मदार होती. जंगलात शेत नाही, कुंपण नाही, साडी नाही. तरीही इथल्या पाण्यात धागे निघाले, तर माझ्या साड्या सुटल्या. म्हणजे लोक जंगल स्वच्छ असावं म्हणून देवाला हात जोडतात, आणि मी ते घाण असावं म्हणून जोडत होते. देवानं माझं ऐकताना जरा थांबून पाहिलं असेल.

वनखात्याची परवानगी मॅडमनी आधीच काढली होती. एक गार्ड बरोबर घेऊन आम्ही एका लहानशा बंधाऱ्यावर गेलो. पाणी इतकं नितळ की खालचे गोटे मोजावेत. मला धडकीच भरली. मॅडमनी पिशवी ओढली, पहिली बाटली भरली, माझ्या हातात दिली आणि दुसऱ्यांदा पाण्यात उतरल्या. बबन शेजारी उभा राहून गार्डला वाघाबद्दल विचारत होता. त्याचा दुपट्टा माझ्या कोपराला लागत होता.

आता जे झालं ते माझ्या बोटांनी केलं, मी नव्हे. दुपट्ट्याच्या काठाचा एक धागा आधीच सुटलेला होता. तो निघाला. बाटलीचं झाकण उघडंच होतं.

मुक्कामाच्या खोलीवर मॅडमनी खिडकीजवळ टेबल ओढलं, लहान यंत्र काढलं, पाणी गाळलं. दिवस अजून पुरता मावळला नव्हता. मी शेजारी बसून खवा खात होते. तिकडचा खवा तांबूस आणि भाजका, आमच्याकडच्या पांढऱ्या गोळ्याला त्याची सर नाही.

'इथे दोन निळे आहेत,' त्या म्हणाल्या.

'पाहा. जंगलात बी हायेतच.'

'आणि एक भगवा. चांगलाच लांब.'

'बाप्पा. भगवाही हाये काय?' मी म्हटलं. आवाज बरा लागला होता.

त्यांनी सुई तापवून लावली. धागा आकसला. मला वाटलं, जिंकलं. त्यांनी मात्र मला यंत्राजवळ बोलावलं. 'काकू, हे निळे पाहा. यांच्यावर भेगा दिसतात? उन्हात पायांच्या टाचा फुटतात तशा. हे बरेच दिवस ऊन खात, पाण्यात भिजत आलेत, लांबून कुठून तरी. पर्यटकांची दोरी असेल, काही असेल. आता भगवा पाहा. नितळ, गुळगुळीत. हा आजच पाण्यात पडलाय.' मग दाराकडे पाहून हाक मारली. 'बबनराव, दुपट्टा सुती आहे म्हणाला होतात.'

बबननं दुपट्टा हातात घेऊन उलटा-पालटा पाहिला. 'दुकानदारानं फसवलं, मॅडम.' मग काठावरची ओढलेली जागा त्याला दिसली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खव्याकडे पाहिलं.

'ताई,' तो म्हणाला, 'तुमच्या नखात काय अडकून राहिलं पाहा बरं.'

मॅडमनी ओरडावं अशी माझी तयारी होती. ओरडणाऱ्या माणसाला मी कधीच घाबरले नाही. त्या ओरडल्या नाहीत. वहीत भगव्यावर काट मारली, मग म्हणाल्या, 'तुमची साडी, माझा कुर्ता, यांचा दुपट्टा, सगळ्यांचे नमुने मी आधीच घ्यायला हवे होते. माझी चूक.' आणि माझ्या पदराचा एक धागा कात्रीनं कापून घेतला.

माझा उरलेला खवा मी बबनला दिला. त्यानं तो नको न म्हणता खाल्ला.

रात्री जेवताना मी शेवटचा प्रयत्न केला. 'दोन निळे तं दोन निळे. पण हायेत नं? मंग सगळीकडे सारखंच झालं.'

'अमरावतीला दाखवलेल्या कागदावर किती होते पाहिलेत तुम्ही.'

'बरं, एक लहान हाये. दीड धरा.'

त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पण लिहिले दोनच.

माहेर

अकोट, अकोला, मग बाळापूर. किल्ल्याचे बुरूज लांबून दिसले की माझ्या अंगात माहेर संचारतं, मग वय कितीही असो. आमचं गाव तिथून आत. तलाव गावाच्या वरच्या अंगाला, आणि त्याच्या तिन्ही बाजूंनी वावरं.

सुशीला वेशीवरच उभी होती. 'ये वो विमल. शिकलेली बाई घेऊन आली म्हणते.'

'मॅडम हायेत. नीट बोल.'

'मी त्याहिच्याशी नीटच बोलीन. तुह्याशी कायले?'

तिनं रोडगे केले होते. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, फोडून तुपात बुडवलेले, बरोबर वांग्याची भाजी. मॅडमना भाजीतला सांबार आवडला. आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्यांदा सांबारच मागितला.

मग तलाव. मी आतापर्यंत तो शेकडो वेळा पाहिला आहे, पण त्या दुपारी पहिल्यांदा त्याच्या भोवतालाकडे पाहिलं. तिन्ही बाजूंना राणी रंग. काही वर्षांपूर्वी एका पुढाऱ्याच्या घरच्या हळदीकुंकवाला तालुक्यातल्या बायांना सारख्या साड्या वाटल्या होत्या. डोळ्यांत घुसणारा राणी रंग आणि त्यावर चांदीची टिकली. एकीनंही नेसली नाही, कारण शेजारणीकडेही तीच होती. त्या सगळ्या साड्या मी उचलल्या आणि दर पेरणीला थोड्या थोड्या करत सगळ्या इथंच विकल्या. दुसऱ्या कोणा व्यापाऱ्याकडे तो माल नव्हता. त्या वेळी मला याचा अभिमान वाटला होता.

सभेच्या सकाळी मॅडमनी शाळेच्या खोलीत यंत्र लावलं. मी आधी पाहिलं नाही. मग पाहिलं. गाळण्याच्या कागदावर राणी रंगाचे दोरे पडले होते, भेगा पडलेले, तुकडे तुकडे झालेले. निळे, काळेही होते. पण राणी मोजायला गेलं तर मोजत बसावं लागलं असतं. एका तुकड्याला टिकलीचं चंदेरी कवच अजून चिकटलेलं होतं. ह्यात दीड करायला जागा नव्हती.

मॅडमना त्या साड्यांची कथा माहीत नव्हती. मी सांगितली नाही.

सभा मारुतीच्या पाराजवळ भरली. मॅडम उभ्या राहिल्या, आणि ज्या बाईनं मला तसूभर सूट दिली नव्हती ती स्वतःच्या शब्दाला किती जपते ते मला तिथं कळलं. त्या म्हणाल्या, 'पाण्यात कृत्रिम धागे आहेत, बरेच आहेत. पण हे कोणत्या कापडाचे, हे मी माझ्या यंत्रावरून खात्रीनं सांगू शकत नाही. कुंपणाचे असतील, धुण्याचेही असू शकतील. खात्री नसताना मी कोणावर ठपका ठेवणार नाही.'

मी सुटले होते. सुशीलानं माझ्याकडे पाहिलं. तिलाही हायसं वाटलेलं दिसत होतं. ती म्हणाली, 'मंग नक्की नसन तं यंदा राहू द्या साड्या.' मला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. आयुष्यात एवढा स्वस्त सौदा मला कधी मिळाला नव्हता.

तेवढ्यात प्रमोद उठला. हा गावात कुंपणाला लावायच्या हिरव्या जाळीचं, शेडनेटचं, दुकान चालवतो आणि माझा माल त्याच्या डोळ्यांत खुपतो. तो म्हणाला, 'नक्की होईनच कसं? दहा गावच्या चिंध्या गोळा करून आणतात अन् इथं टांगतात. चिंधीले काय नावगाव असते? कोणाची कोणती, कोण ओळखते?'

'मी ओळखते,' मी म्हटलं.

उठून उभी राहिले होते, हे मला नंतर कळलं.

'राणी रंग हाये पाण्यात. हळदीकुंकवाचा. टिकलीसकट हाये. साऱ्या तालुक्यात थो माल एका बाईनं विकला, अन् थे बाई मी हावो. चिंध्या विकत नाई मी. माह्या मालाले नावगाव हाये.'

मॅडम माझ्याकडे पाहत राहिल्या. बबन जीपला टेकून उभा होता, तो हळूच म्हणाला, 'गेलं.' आणि मग माझ्या लक्षात आलं की काय गेलं.

पुढं कल्ला झाला. साड्या काढा, असं अर्धे म्हणाले; डुक्कर तुमच्या घरी आणून बांधू काय, असं उरलेले म्हणाले. मॅडमनी मध्येच विचारलं, 'तलावाकडच्या वावरांत आत्ता काय पीक आहे?'

'आत्ता कायचं पीक? हरबरा होळीच्या आंधीच निंघाला.'

'मग साड्या आत्ता कशाची राखण करतात?'

मागून एक म्हातारा म्हणाला, 'राहून गेल्या.'

एवढंच होतं ते. पीक निघालं की माणूस वावराकडे पाठ फिरवतो. साडी काढायचं काम कोणाचंच नसतं. मग आमचा वैशाख तिला खातो. दोन महिने त्या उन्हात उभी राहिलेली साडी नुसती आकारानं साडी उरते, आणि पहिल्या पावसात उतारावरून तळ्यात जाते. पेरणीच्या वेळी शेतकरी म्हणतो साडी फाटली, मी म्हणते नवी घे. ही व्यवस्था मला इतकी सोयीची होती की मी तिच्याकडे कधी पाहिलंच नाही.

ठराव झाला: हरभरा निघाला की साड्या उतरवायच्या, घडी घालून सावलीत ठेवायच्या, पेरणीनंतर पुन्हा बांधायच्या. एक साडी चार वर्षं चालेल, असं मॅडम म्हणाल्या. मी तिथल्या तिथं गोडाऊनचा चार वर्षांचा हिशेब मनात मांडला आणि मोडला. आणि यंदाच्या राहून गेलेल्या साड्या पाऊस पडायच्या आत उतरवायच्या.

'कोण उतरवीन?' मी विचारलं.

सुशीलानं चप्पल पायात घातली. 'चाल.'

ऊन कलल्यावर आम्ही बाया तलावाच्या बांधावर गेलो. पहिल्या काठीजवळ मी जोरात पुढं झाले, माल माझाच असल्यासारखी साडी मुठीत धरून ओढली. मुठीत राणी रंगाची भुकटी आली. उरलेली वाऱ्यावर उडाली आणि समोरच्या पाण्यावर जाऊन बसली. बरंच लांबपर्यंत दिसत होती.

'अशा नका ओढू,' मॅडम म्हणाल्या. 'हात लावला की हजार तुकडे होतील.'

'मंग कशा काढाच्या?' आम्ही सगळ्या तिथं उभ्या. साडी समोर सबंध टांगलेली, टिकल्या चमकत होत्या, पण हात लावायची कोणाची हिंमत होईना.

सुशीला घरी गेली आणि सुती चादरी, पाण्याची बादली घेऊन आली. उन्हाळ्यात आम्ही कुरडया कापडावर घालतो. वाळल्या की कापडाच्या मागून पाणी शिंपडायचं, मग कुरडई न मोडता सुटते. तिनं तेच उलटं केलं. ओली चादर साडीच्या मागून लावली, समोरून पाण्याचा हबका मारला, साडी चादरीला चिकटली, मग दोघींनी दोन टोकं धरून आत दुमडत आणली. एक कपटाही खाली पडला नाही. मॅडम फोटो काढायचा विसरल्या.

मी बाजूला उभी राहून विचार करत होते. या भिजलेल्या गठ्ठ्यांचं काय होणार, ते कोणी नेणार, मी नेले तर बदल्यात गावानं यंदाच्या पेरणीला निदान निम्म्या तरी साड्या माझ्याकडून घ्याव्यात, असं काही. मी तोंड उघडलं. 'सुशीला, हे गठ्ठे मी अकोल्याले नेईन, पण मंग तुमच्या ठरावात—'

'विमल,' ती चादरीच्या दुसऱ्या टोकाकडे मान करून म्हणाली, 'सौदा मंग कर. आंधी थे टोक धर. अन् हळू, माय, हळू.'

मी टोक धरलं.